काजऱ्याची बी आणि ऐकण्यातला नकार

गोव्यात सत्तरी, सांगे, काणकोण या बाजूच्या रानांत काजरा सहज दिसतो. चकचकीत पान, त्यात देठाशीच फुटलेल्या ठळक शिरा, पिकल्यावर केशरी होणारं गोल फळ आणि गरात रुतलेल्या चपट्या, करड्या बिया. बी दोन-सव्वादोन सेंटिमीटर रुंद, वर बारीक रेशमी लव. वैद्य तिला कुचला म्हणतात आणि गोमूत्र, दूध, तूप अशा शोधनातून काढल्याशिवाय औषधात घेत नाहीत. ते बरोबरच आहे, कारण तिच्यात स्ट्रिक्नीन असतं. पेलेतिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनज्ञांनी १८१८ साली स्ट्रिक्नीन वेगळं काढलं. पुढे मेरुरज्जू आणि मस्तिष्कस्तंभ यांतल्या रोधक, म्हणजे दुसऱ्या पेशीला गप्प करणाऱ्या, चेतापेशींबद्दल जे कळत गेलं, त्यातलं बरंचसं या एका विषाचं बोट धरूनच कळलं.

स्ट्रिक्नीनची बाधा झालेला माणूस शुद्धीवर असतो. त्याला सगळं कळतं, दुखतं, ऐकू येतं. पण दार आपटलं, भांडं पडलं, कुणी खांद्याला हात लावला की अंग ताठ होतं आणि पाठ मागे वळते. म्हणून त्याला शांत, अंधाऱ्या खोलीत ठेवतात, डायझेपाम देतात आणि श्वास सांभाळतात. ग्लायसीन हे साधं अमिनो आम्ल मेरुरज्जूत आणि मस्तिष्कस्तंभात ‘थांब’ हा निरोप पोचवतं. तो निरोप घेणाऱ्या रिसेप्टरवरच स्ट्रिक्नीन जाऊन बसतं. धनुर्वातात चित्र बरंचसं असंच दिसतं, पण घाव दुसरीकडे बसलेला असतो. धनुर्वाताचं विष रोधक पेशीच्या टोकात शिरून सिनॅप्टोब्रेविन हे प्रथिन कापतं, मग ग्लायसीन आणि गाबा हे दुसरं रोधक रसायन टोकातून बाहेरच पडत नाहीत. जाणकार डॉक्टरला दोन्हींतला फरक खाटेजवळ उभं राहूनही कळतो: स्ट्रिक्नीनमध्ये दोन झटक्यांच्या मधे स्नायू सैल पडतात, धनुर्वातात जबडा आवळलेलाच राहतो.

एवढं सांगून पाठ्यपुस्तकं रोधक पेशींना मेंदूचा ब्रेक म्हणतात आणि मोकळी होतात. ऐकण्याच्या मार्गाबाबत तरी मला हे अपुरं वाटतं, थोडं दिशाभूल करणारंही. काही जास्त झालं म्हणून ब्रेक लागतो. इथल्या रोधक पेशी मात्र खोलीत शुकशुकाट असतानाही सेकंदाला कित्येक वेळा संदेश सोडत असतात, आणि आवाज आला की त्यांचा नकार हीच मोजमापाची एक बाजू होते. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, शब्द कुठे तुटला, भिंतीवरून परतलेला आवाज कुठला आणि मूळ कुठला, हे सगळं ‘नको’ नेमकं कधी पोचलं यावर ठरतं. उशिरा पोचलेल्या नकाराचा इथे काही उपयोग नसतो.

यातलं मुख्य ठाणं मस्तिष्कस्तंभाच्या खालच्या अंगाला, मध्यरेषेला लागून आहे. आडव्या जाणाऱ्या तंतूंच्या जाड पट्ट्याला ट्रॅपेझॉइड बॉडी म्हणतात आणि त्यातल्या मध्यरेषेकडच्या केंद्रकाला, म्हणजे पेशींच्या पुंजक्याला, प्रयोगशाळेत सगळे एमएनटीबी म्हणतात. उजव्या कानातून निघालेला संदेश श्रवणचेतेतून उजव्या कॉक्लिअर केंद्रकात, म्हणजे मस्तिष्कस्तंभातल्या ऐकण्याच्या पहिल्या ठाण्यात, येतो. तिथल्या ग्लोब्युलर बुशी पेशींचे जाड, मायलिन या संदेशाला वेग देणाऱ्या थराच्या भरभक्कम वेष्टनाचे तंतू मध्यरेषा ओलांडून डाव्या एमएनटीबीत उतरतात. तिथे प्रत्येक तंतू एका गोल पेशीला जवळजवळ अर्धी वेढून टाकणारं टोक तयार करतो. हान्स हेल्ड यांनी १८९३ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला कॅलिक्स ऑफ हेल्ड म्हणतात. बहुतेक पेशींना एकच कॅलिक्स मिळतं. त्या एका टोकात रसायन सोडण्याच्या शेकडो जागा असतात. ऐकू लागलेल्या वयात एका ठोक्याला, म्हणजे एका विद्युत संदेशाला, कित्येक नॅनोअँपिअरचा प्रवाह पेशीत जातो, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. शरीराच्या तापमानाला सिनॅप्सवरचा, म्हणजे दोन पेशींच्या सांध्यावरचा, उशीर अर्ध्या मिलिसेकंदाहून कमी असतो. पेशीतही तशीच तयारी आहे: केव्ही३ जातीच्या पोटॅशियम वाहिन्या ठोका झटकन संपवतात आणि केव्ही१ वाहिन्या एका संदेशावर एकाहून जास्त ठोके पडू देत नाहीत.

हे टोक इतकं मोठं आहे की १९९४-९५च्या सुमारास त्यावरच थेट पॅच पिपेट, म्हणजे पेशीच्या आवरणाला चिकटवायची बारीक काचनळी, लावून सिनॅप्सच्या आधीच्या बाजूचे प्रवाह मोजण्यात यश आलं. सस्तन प्राण्यांच्या मेंदूत तोवर असं कुठे जमलं नव्हतं. त्यानंतर कॅल्शियम आणि रसायनस्राव यांच्यावर या एका जागेतून लेखांचा डोंगर उभा राहिला. मात्र त्या डोंगरात एक साधी गोष्ट झाकली गेली असं मला वाटतं. सस्तन मेंदूतला हा सर्वांत मोठा, सर्वांत भरवशाचा सिनॅप्स ज्या पेशीवर संपतो ती पेशी रोधक आहे. एमएनटीबीची पेशी आलेल्या संदेशात काही बदल करत नाही, फक्त त्याचं चिन्ह उलटं करते. उत्तेजन आत येतं, ग्लायसीन बाहेर पडतं. एवढं चिन्ह उलटवण्यासाठी शरीराने आपलं सगळ्यात महागडं यंत्र इथे लावलं आहे.

ते कशासाठी, हे कळायला शेजारचं एलएसओ पाहावं लागतं. हे पार्श्वीय सुपीरिअर ऑलिव्ह केंद्रक, कापात इंग्रजी एस अक्षरासारखं वळण घेतलेलं. डाव्या एलएसओच्या पेशीला डाव्या कानाकडून उत्तेजन मिळतं आणि उजव्या कानाकडून, डाव्या एमएनटीबीमार्गे, नकार. पणजीच्या अठरा जून रस्त्यावर डावीकडून हॉर्न वाजला तर डोक्याची सावली उजव्या कानावर पडते आणि तिथे आवाज मंद पोचतो. चार किलोहर्ट्झच्या वर हा फरक चांगलाच असतो, कारण तिथे ध्वनिलहरीची लांबी नऊ सेंटिमीटरच्याही खाली येते आणि डोकं तिला अडवतं. बाजूने आलेल्या उच्च स्वरात दोन कानांतला फरक २० डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. डाव्या एलएसओला उत्तेजन जास्त, नकार कमी, म्हणून ती जोरात बोलते. हॉर्न उजवीकडे सरकत गेला की नकार वाढतो आणि पेशी गप्प होते. इथे चाललेली ही सरळ वजाबाकी आहे. पण वजाबाकीचे दोन्ही आकडे एकाच क्षणी पाटीवर पडायला हवेत. उजव्या कानाच्या संदेशाला लांबचा रस्ता आहे, शिवाय वाटेत एक सिनॅप्स जास्त. तरीही तो डाव्या कानाच्या संदेशाबरोबरच पोचतो. जाड तंतू, जाड मायलिन आणि कॅलिक्सचा वेग हे सगळं याच हिशेबासाठी आहे. माणसात एमएनटीबी आहे की झिजून गेलं, यावर बराच काळ वाद होता. आता पेशी दिसतात हे मान्य झालं आहे आणि मतभेद त्यांच्या महत्त्वावर उरले आहेत.

ही जोडणी जन्मापासून अशी नसते. उंदराचं पिल्लू साधारण बाराव्या दिवशी ऐकू लागतं. त्याआधी त्याच्या एमएनटीबीचे तंतू एलएसओवर हवे तिथे, नको तिथेही पसरलेले असतात. त्या काळात तंतूंच्या टोकांतून ग्लायसीनबरोबर गाबा सुटतं आणि ग्लूटामेटही. रोधक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पेशीने उत्तेजक रसायन सोडावं हे २००५ साली दाखवलं गेलं तेव्हा अनेकांना पटायला जड गेलं. पण व्हीग्लूट३ हा ग्लूटामेट भरणारा वाहक नसलेल्या उंदरांत पुढची छाटणी नीट होत नाही, हे कळल्यावर शंका घेणाऱ्यांचा सूर खाली आला. छाटणी म्हणजे बहुतेक जोडण्या गप्प पडतात आणि उरलेल्या अनेक पटींनी बळकट होतात. हे सारं बाहेरचा एकही आवाज कानात जाण्याआधी घडतं. कॉक्लिया, म्हणजे अंतर्कर्णातला शंख, स्वतःहून संदेशांच्या लहरी पाठवतो, त्यावरच ही मांडणी उभी राहते.

याहून विचित्र म्हणजे त्या वयात ग्लायसीन पेशीला शांत न करता उत्तेजित करतं. कारण क्लोराइड. ग्लायसीन रिसेप्टर उघडला की त्यातून क्लोराइड जातं. आत की बाहेर, हे रिसेप्टर ठरवत नाही. आपल्या खाजन शेतीतल्या मानशीसारखंच, म्हणजे खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दारासारखंच आहे: दार उघडल्यावर पाणी खाडीकडून शेतात येईल की शेतातून खाडीत जाईल हे दोन्हीकडच्या पातळीवर ठरतं. फरक एवढाच की मानशीचं दार भरतीला आपोआप मिटतं, रिसेप्टरचं मिटत नाही. लहान पेशीत आत क्लोराइड जास्त असतं, म्हणून ते बाहेर पडतं आणि पेशी उत्तेजित होते. पुढे केसीसी२ नावाचा पंप कामाला लागतो, आतलं क्लोराइड उपसतो आणि त्याच ग्लायसीनचा अर्थ ‘थांब’ होतो. आकड्यांत सांगायचं तर बाहेर १३३ मिलिमोलर आणि आत ६ असेल तर ३७ अंशांना क्लोराइडचा समतोल, म्हणजे ज्या व्होल्टेजला ते आतही जात नाही आणि बाहेरही, उणे ८३ मिलिव्होल्टच्या आसपास येतो. आत ३० असेल तर उणे ४०, म्हणजे पेशीच्या विश्रांतीच्या व्होल्टेजच्या वर.

नव्या मंडळींचे प्रयोग नेमके इथेच फसतात. पेशीला होल-सेल पॅच लावला, म्हणजे पिपेटखालचं आवरण फोडून पेशीशी थेट जोडलं, की पिपेटमधलं द्रावण पेशीत पसरतं आणि क्लोराइडची आतली पातळी तुम्ही भरून आणलेली असते, पेशीची राहत नाही. पोटॅशियम क्लोराइड १४० मिलिमोलर भरलं तर समतोल शून्याजवळ जातो. रोधक प्रवाह मोठे, देखणे, मोजायला सोपे दिसतात, पण उलट्या दिशेचे. प्रवाह किती वेळ टिकला, किती वेळा आला, हे मोजायला हे द्रावण उत्तम. या सिनॅप्सने पेशीवर काय परिणाम केला, हे मात्र त्यावरून सांगू नये. त्यासाठी पोटॅशियम ग्लुकोनेट घ्यावं आणि क्लोराइड ६-७ मिलिमोलरवर ठेवावं. ग्लुकोनेटमुळे दोन द्रावणांच्या सीमेवर १० ते १५ मिलिव्होल्टचं जंक्शन पोटेन्शियल येतं, ते वजा करायला विसरलं की सगळा हिशेब तेवढाच सरकतो. लहान वयाच्या पेशीत खरी दिशाच पाहायची असेल तर ग्रामिसिडिनने छिद्रं पाडून पॅच करावा. ग्रामिसिडिन क्लोराइडला वाट देत नाही. वीस मिनिटं ते अर्धा तास थांबावं लागतं आणि मधेच पिपेटखालचं आवरण फुटलं तर सारं मुसळ केरात. फुटलं हे कळावं म्हणून पिपेटमध्ये थोडा रंग घालून ठेवतात. पेशी चमकली की मोजणी थांबवायची.

द्रावणांबद्दल गोव्यात वेगळं सांगावं लागतं. मेंदूचा काप ज्यात ठेवायचा त्या बाहेरच्या द्रावणाचा नेहमीचा हिशेब मिलिमोलरमध्ये असा: सोडियम क्लोराइड १२५, पोटॅशियम क्लोराइड २.५, सोडियम बायकार्बोनेट २५, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट १.२५, ग्लुकोज २५, कॅल्शियम क्लोराइड २, मॅग्नेशियम क्लोराइड १. त्यात ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडायचे आणि ते किमान दहा मिनिटं चालू झाल्यावरच कॅल्शियम घालायचं. घाई केली तर पाणी दुधाळ होतं, कॅल्शियम गाळ धरून खाली बसतं आणि ते द्रावण ओतून द्यावं लागतं. आता जून ते सप्टेंबरची आपली हवा पाहा. कॅल्शियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम क्लोराइड दोन्ही हवेतलं पाणी ओढून घेतात. बाटली चार वेळा उघडली की वजनकाट्यावर मिठाबरोबर पाणीही तोललं जातं आणि कॅल्शियम ठरल्यापेक्षा कमी पडतं. कॅल्शियम कमी म्हणजे रसायनस्राव कमी. रोधक प्रवाह लहान दिसतो, लागोपाठ दिलेल्या दोन ठोक्यांतला दुसरा पहिल्यापेक्षा मोठा येऊ लागतो, आणि हा उंदराच्या जातीतला किंवा वयातला फरक आहे असा समज होतो. हिवाळ्यातल्या नोंदी आणि पावसाळ्यातल्या नोंदी जुळत नसल्या तर जीवशास्त्राकडे जाण्याआधी बाटलीकडे जावं. उपाय साधा आहे: तयार एक मोलर द्रावण विकत घ्यावं किंवा नवी बाटली उघडल्याबरोबर पूर्ण विरघळवून एक मोलर साठा करून ठेवावा, आणि रोजच्या द्रावणाची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांचं एकूण प्रमाण, ३०० ते ३१५ मिलिऑस्मोलच्या दरम्यान आहे ना, ते पाहूनच काप त्यात टाकावा.

काप घेतानाही एक गोष्ट हमखास चुकते. मस्तिष्कस्तंभाच्या खालच्या पृष्ठभागावर पातळ पडदा आणि रक्तवाहिन्या चिकटलेल्या असतात. त्या बारीक चिमट्याने आधी सोडवून घेतल्या नाहीत तर व्हायब्रेटोमचं, म्हणजे काप घेणाऱ्या यंत्राचं, थरथरतं पातं त्या पडद्यात अडकतं आणि ट्रॅपेझॉइड बॉडी ओढली जाते. एमएनटीबी नेमकी त्याच पृष्ठभागालगत असते, म्हणजे कापाचा बाकीचा भाग सुंदर आणि हवा तो भाग गेलेला. १० ते १४ दिवसांच्या पिल्लाचा २०० मायक्रॉनचा काप ठीक. त्यानंतर मायलिन एवढं दाट होतं की पेशीची कड दिसेनाशी होते. काप ३७ अंशांवर अर्धा-पाऊण तास सावरू द्यावेत. आणि मोजणी शक्यतो शरीराच्या तापमानालाच करावी. खोलीच्या तापमानाला ग्लायसीनचा प्रवाह ओसरायला कित्येक मिलिसेकंद घेतो, ३७ अंशांना मोठ्या वयात एक-दोन मिलिसेकंदांत संपतो. वेळेबद्दलच बोलायचं असेल तर पहिला आकडा कामाचा नाही. स्ट्रिक्नीन अर्धा ते एक मायक्रोमोलर पुरतं. त्याहून बरंच वाढवलं तर गाबाचे रिसेप्टरही अडतात. गाबाचे रिसेप्टर अडवणारं गाबाझीन फार वाढवलं तर उलटी चूक होते. स्ट्रिक्नीन धुऊन निघायला वेळ लागतो, म्हणून त्या कापावरचं ते शेवटचं औषध ठेवावं. आणि हे सगळं संस्थेच्या प्राणी आचारसमितीची मंजुरी हातात असेल तरच.

वेळेचा प्रश्न सर्वांत तापलाय तो एमएसओबद्दल, म्हणजे एलएसओशेजारच्या मध्यरेषेकडच्या सुपीरिअर ऑलिव्ह केंद्रकाबद्दल. खालच्या पट्टीतल्या आवाजाला डोकं अडवत नाही, तिथे दोन कानांत आवाज पोचण्याच्या वेळेतला फरक कामी येतो. माणसात हा फरक जास्तीत जास्त ७०० मायक्रोसेकंदांच्या आत, आणि सरावलेल्या कानाला १० मायक्रोसेकंदांचा फरकही कळतो. जेफ्रेस यांनी १९४८ साली यासाठी कमी-अधिक लांबीच्या तंतूंची रांग कल्पिली होती. गव्हाणी घुबडात तशी रचना सापडलीही. सस्तन प्राण्यांत ती नीट सापडेना. २००२ साली जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यावरच्या प्रयोगांत असं दिसलं की स्ट्रिक्नीनने ग्लायसीन अडवलं की एमएसओ पेशींची पसंतीची वेळ शून्याकडे सरकते. यावरून मत मांडलं गेलं की विरुद्ध कानाकडचा नकार उत्तेजनाच्या किंचित आधी पोचून पेशीचा कल सरकवतो. कल्पना फार देखणी आहे. पण कापांवर काम करणाऱ्यांपैकी काहींना नकाराच्या वेळेने असा सरकाव होताना दिसला नाही, आणि पेशीजवळ विष सोडलं की तिचा एकूण चेव वाढतो, ही अडचण राहतेच. मला आज तरी निकाल देण्याची घाई दिसत नाही. मात्र एक गोष्ट निर्विवाद आहे: जर्बिल ऐकू लागल्यावर एमएसओवरचे ग्लायसीनचे सिनॅप्स शाखांवरून उठून पेशीच्या मुख्य अंगाजवळ गोळा होतात, आणि कानांना दिशेचा अनुभव मिळू दिला नाही तर तसं होत नाही. घुबडाने हाच प्रश्न वेगळ्या सामानाने सोडवला आहे. पक्ष्यांत या ठिकाणी मुख्यतः गाबा असतं. कोंबडीच्या पिल्लात ते पेशीला थोडं उत्तेजित करूनही रोखतं, कारण उघडलेल्या वाहिन्यांतून बाकीचा प्रवाह गळून जातो.

शांतता मोजणारा भाग तुलनेने कमी लोकांना माहीत असतो. सुपीरिअर पॅराऑलिव्हरी केंद्रकातल्या पेशी आवाज चालू असताना एमएनटीबीच्या नकाराखाली दबलेल्या असतात. त्यांचा क्लोराइडचा समतोल फार खाली असतो, त्यामुळे त्या खोल ऋण होतात. आवाज थांबला की एमएनटीबी क्षणभर गप्प होते, दबाव सुटतो, आणि एचसीएन व टी जातीच्या कॅल्शियम वाहिन्यांच्या जोरावर या पेशी उसळी मारून ठोका देतात. म्हणजे आवाज संपल्याची नोंद त्या करतात. ‘उतर’ आणि ‘उत्तर’ मोठ्याने म्हणून पाहा. दोन्हींत जीभ दातामागे टेकून हवा अडवते, पण ‘उत्तर’मध्ये तो बंद काळ दीड-दोन पट लांबतो. फरक ऐकू येतो तो त्या मुक्या फटीतून. तरुण निरोगी कान दोन-तीन मिलिसेकंदांची फटही पकडतो. वय वाढलं की ही फट मोठी लागते, आणि आजोबा म्हणतात, आवाज येतो पण शब्द कळत नाही. ऑडिओग्राममध्ये हे दिसत नाही. नातवंडं मात्र आवाज वाढवून सांगतात.

फोंड्याकडच्या देवळांत जत्रेला मराठी नाटक होतं किंवा चतुर्थीला घरात घुमट या मातीच्या वाद्यावर आरती चालते, तिथे आणखी एक नकार कामाला लागलेला असतो. आपल्याकडच्या उकाड्यात ध्वनी एका मिलिसेकंदात ३५ सेंटिमीटर जातो. नटाच्या मागे पाच मीटरवर भिंत असली तर तिथून परतलेला आवाज जवळजवळ २९ मिलिसेकंद उशिरा येतो. बोलणं असेल तर तो वेगळा ऐकू येत नाही, मूळ आवाजात मिसळतो आणि दिशा नटाचीच राहते. वॉलाक, न्यूमन आणि रोझेन्झ्वाइग यांनी १९४९ साली या अग्रक्रमाचं सविस्तर मापन केलं. यातला एक हिस्सा मस्तिष्कस्तंभात आणखी वर असलेल्या डीएनएलएल या गाबावाल्या केंद्रकांकडे असल्याचं दिसतं. डावं आणि उजवं डीएनएलएल एकमेकांना प्रोब्स्टच्या पट्ट्यातून रोखतात, आणि आवाज थांबल्यावरही हा रोध काही दशक मिलिसेकंद टिकतो. आधी पोचलेल्या आवाजाने एक बाजू जिंकली की दुसरीकडून येणाऱ्या प्रतिध्वनीला तेवढा वेळ आपली दिशा ठसवता येत नाही. घुमटाची थाप मात्र फार तीक्ष्ण सुरू होते. असे आवाज पाच-दहा मिलिसेकंदांच्या पुढेच वेगळे जाणवू लागतात, म्हणून मोठ्या, उघड्या भिंतींच्या सभामंडपात तोच ठेका गढूळ वाटतो, आणि मंडपात माणसं भरली की सुधारतो.

नकार जन्मतःच कमी पडला तर काय होतं, ते हायपरएकप्लेक्सिया या अतिदचकण्याच्या आजारात दिसतं. ग्लायसीन रिसेप्टरच्या अल्फा-१ भागाचं जीन, जीएलआरए१, यातला दोष १९९३ साली सापडला. असं बाळ जागेपणी ताठ असतं, झोपेत सैल पडतं. नाकाच्या शेंड्यावर हलकी टिचकी मारली की डोकं झटकन मागे जातं, आणि कितीही वेळा केलं तरी सवय होत नाही. नरकासुराच्या रात्रीचा गोंगाट किंवा चतुर्थीचे फटाके अशा बाळाला नुसते दचकवत नाहीत, श्वास थांबवू शकतात. याला आकडी समजून चुकीच्या वाटेने उपचार चालण्याचा धोका असतो. ताठरपणाच्या झटक्यात बाळाचं डोकं आणि पाय पोटाकडे दुमडून धरले की झटका सुटतो. व्हिजेव्हानो यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते आणि आईवडिलांनी ती शिकून घ्यायलाच हवी. औषध क्लोनाझेपाम. ते ग्लायसीनच्या वाटेला जात नाही, गाबाचा नकार वाढवून काम भागवतं.

दवाखान्यात मस्तिष्कस्तंभाचं ऐकणं तपासण्याची रोजची रीत म्हणजे बेरा, आवाजाला मस्तिष्कस्तंभाने दिलेला विद्युत प्रतिसाद मोजणारी तपासणी. कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड, झोपलेलं मूल, एक-दोन हजार क्लिकची सरासरी. साधारण दीड मिलिसेकंदावर पहिली लहर श्रवणचेतेची, साडेपाचच्या पुढे पाचवी लहर वरच्या मस्तिष्कस्तंभाची. इलेक्ट्रोडचा रोध पाच किलोओमच्या वर असला किंवा मूल चुळबुळत असलं तर सरासरी कितीही घ्या, लहरी उमटत नाहीत. दोन्ही कानांना एकदम क्लिक दिल्यावर येणारा आलेख आणि दोन्ही कानांच्या स्वतंत्र आलेखांची बेरीज, यांत पाचव्या लहरीजवळ छोटी तूट दिसते. ती दोन कानांच्या भेटीची खूण. ही तूट एलएसओमधल्या वजाबाकीतून येते असं मानायला चांगला आधार आहे. पण ती एवढी लहान असते की हालचाल करणाऱ्या लहान मुलात तिच्यावर निदान ठेवणं धोक्याचं. संशोधनासाठी मात्र कवटीबाहेरून रोधक पेशींचं काम दाखवणाऱ्या मोजक्या वाटांपैकी ही एक.

श्रवणयंत्र बसवताना हा सगळा हिशेब बहुतेक वेळा बाजूला राहतो. एकाच कानाला यंत्र लावलं की त्यातल्या प्रक्रियेचा चार-पाच मिलिसेकंदांचा उशीर फक्त त्या कानाला मिळतो, आणि दोन कानांतला नैसर्गिक फरक तर सातशे मायक्रोसेकंदांतच संपतो. दोन्ही कानांना यंत्रं लावली पण दोन्ही आपापल्या मर्जीने आवाज दाबू-वाढवू लागली, तर सावलीतल्या कानाचा मंद आवाज वाढतो, उजेडातल्याचा दबतो, आणि वजाबाकीला काही उरत नाही. माणूस तक्रार करतो की ऐकू येतं, पण कोण कुठून बोलतंय ते कळत नाही. म्हणून दोन्ही कान कमी असतील तर एकाच जोडीची, एकमेकांशी संवाद साधून दाब जुळवणारी यंत्रं मागावीत, ती जोडणी सॉफ्टवेअरमध्ये खरोखर चालू केली आहे का ते ऑडिओलॉजिस्टला विचारावं, आणि बसवल्यानंतर डोळे मिटून खोलीच्या चार कोपऱ्यांतून कुणाला तरी हाक मारायला सांगून पाहावं.